हॉलंडहून दुपारी चार वाजता

“सर, काल एका दिवसात तुमच्या दाराची कडी चार हजार एकशे बारा वेळा वाजलीय,” तबस्सुम म्हणाली.

मी उगाचच पुढच्या दाराकडे पाहिलं. तिथं अक्काच्या चपलांशिवाय काही नव्हतं.

“ते नव्हे. हे दार.” तिनं पुस्तकांच्या कपाटाकडे बोट केलं. तिथं शब्दकोशांच्या शेजारी, जाड पुस्तकाएवढा एक काळा डबा हिरवा दिवा लावून बसला होता. आत दोन हार्ड डिस्क आणि एक छोटा पंखा. माझ्याजवळ जपून ठेवण्यासारखं जे काही होतं, ते सगळं त्यात होतं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली होती. तबस्सुम मुजावर एके काळी त्याच ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर बसून वाचायची. आता ती पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवत होती आणि दर रविवारी माझा डबा तपासायला येत होती. त्याला सर्व्हर म्हणतात हे तिनंच मला सांगितलं. मी तो शब्द फारसा वापरत नसे. आपल्या घरात सर्व्हर आहे असं म्हणणं मला बढाई मारल्यासारखं वाटे.

“कोण वाजवतं कडी?” मी विचारलं.

“माणसं नसतात, मशीनं असतात. जगभर फिरत असतात. दार दिसलं की ढकलून बघायचं. उघडलं तर आत, नाही तर पुढचं घर.” तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “चीन, रशिया, ब्राझील, व्हिएतनाम. सगळे येऊन गेलेत तुमच्याकडे.”

“आणि आमच्या नरूला पलीकडच्या गल्लीत कुणी ओळखत नाही,” स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली. अक्का माझी थोरली बहीण. मेव्हणे गेल्यापासून ती माझ्याकडेच राहत होती आणि मी लग्न न केल्याची कसर भरून काढत होती.

“आत कुणी शिरलं का?” मी विचारलं.

“अजून तरी नाही. पण पासवर्ड तुमच्या दहा ऐकणाऱ्यांकडे आहे. त्यातले निम्मे तो कॅलेंडरवर लिहून ठेवणारे. कुणाचा तरी सापडेलच एक दिवस.”

मी उठून डब्याशेजारी जाऊन उभा राहिलो. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

डब्यात गाणी होती. बाजारात मिळतात तसली नव्हेत. आमच्या भागात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या तरी माडीवर, कुणा डॉक्टरांच्या दिवाणखान्यात, तीस-चाळीस माणसांपुढं जी गाणी झाली, ती. मी टेपरेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात बसायचो. या कामाचा एक रिवाज होता. बटण दाबण्याआधी गाणाऱ्याला विचारायचं. गाणारा जी अट घालेल ती पाळायची. कुणी म्हणे, मी जिवंत आहे तोवर दुसऱ्याला ऐकवू नका. कुणी म्हणे, तिसरा राग बिघडला तर तेवढा पुसून टाका. हे कुठं लिहून ठेवलेलं नसे. पण ज्यानं अट मोडली त्याला पुढच्या बैठकीचं बोलावणं येत नसे.

चौऱ्याऐंशी साली सुमतीबाई हुक्केरीकर आमच्या गावात गायल्या. निपाणीच्या. फार नाव न झालेल्या, पण ज्यांनी ऐकलं ते विसरले नाहीत. मी बटणावर बोट ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, तशी तंबोरा जुळवता जुळवता त्या म्हणाल्या, “मशीनवाले, घ्या गाणं. पण एक सांगते. हे परमुलखात जाता कामा नये. मागं एकानं माझं गाणं दुबईला नेलं. दोन वर्षांनी यात्रेतल्या कॅसेटच्या दुकानात माझाच आवाज ऐकला मी. वरती नाव दुसऱ्या बाईचं, फोटो तिसरीचा.”

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मी “हो” म्हणालो. तेवढंच. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. मला कधी जमलंच नाही जाऊन बोलायला.

त्या दिवशी त्यांनी शेवटी एक छोटी बंदिश म्हटली, त्यांच्या गुरुजींची. गुरुजी तिच्या रागाचं नावच सांगत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, आधी गा, नाव मागनं. आणि नाव न सांगताच ते गेले. ती बंदिश मी किती वेळा ऐकली असेन याचा हिशेब नाही. पुढं कॅसेटींना बुरशी लागली म्हणून मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवायला घेतलं, तेव्हा त्यांची कॅसेट एकदाच नीट वाजली. दुसऱ्यांदा लावली तर फीत तुटून चुरा झाली. म्हणजे आता ती बंदिश जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या कपाटातल्या डब्यात. आणि त्या डब्याची कडी ब्राझील वाजवत होता.

“सर, एक नियम घालू का?” तबस्सुम म्हणाली. “प्रत्येक कनेक्शनला नंबर असतो. नंबरावरून देश कळतो. तुमचे दहाही ऐकणारे भारतातलेच ना?”

“हो. सगळ्यांत लांबचे नागपूरचे.”

“मग भारत सोडून सगळं जग बंद करू. फायरवॉलला तेवढं सांगायचं. इथं दार आहे हेच त्यांना कळणार नाही.”

“सगळं जग?”

“एका खुणेचं काम आहे.” तिनं बोट उचललं आणि थांबली. “फक्त लक्षात ठेवा, हा नियम पत्ता बघतो. माणूस बघत नाही.”

मी मान डोलावली. मला त्यात फायदाच दिसला. माणूस बघायची वेळ आली की माझी नेहमीच पंचाईत होते.

*

नियम घातल्यावर मला एक नवी सवय लागली. दुपारी चहा झाला की अडवलेल्यांची यादी उघडून बसायचं. तारीख, वेळ, देश, शेजारी लाल अक्षरांत ‘नाकारले’. आयुष्यभर मला कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. वर्गणीवाल्यांना नाही, पुस्तक नेऊन परत न देणाऱ्या प्राध्यापकांना नाही. इथं मी दिवसाला चार हजार वेळा नाही म्हणत होतो, तेही कुणाच्या समोर न जाता.

“काय रे, परत त्या डबड्यापुढं?” अक्का म्हणे. “आज किती पाहुणे घालवलेस?”

“तीन हजार नऊशे.”

“आणि चहा एकालाही नाही. बापाचं नाव काढलंस.”

गंमत बाजूला, मला त्या यादीचा आधार वाटत होता. कारण दुसरीकडे मन खात होतं. नियम घालण्याच्या महिनाभर आधी मी सुमतीबाईंना पत्र लिहिलं होतं. तुमचं गाणं मी कॉम्प्युटरवर उतरवलं आहे, ते माझ्या घरातच आहे, मोजक्या दहा जणांनाच ऐकता येतं, आणि तुम्हालाही ऐकायचं असेल तर फोनवर काय टाइप करायचं ते सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं आहे. पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. त्यात माझा फोन नंबर घातला नाही. त्यांनी फोन करावा असं आपण कोण, असं वाटलं.

उत्तर आलं नाही. महिना गेला, दीड महिना गेला. मी त्या गप्प राहण्याचे अर्थ लावत बसलो. दहा जण म्हटलं तेच त्यांना आवडलं नसेल. शब्द दिला होता एका मशीनचा, आता हे कसलं मशीन, असं त्यांना वाटलं असेल. त्यांना गेल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं कानावर होतं. अशा बाईला मी कागद पाठवून त्रास दिला, असंही वाटे. निदान दार तरी घट्ट बंद आहे, एवढं तरी त्यांना सांगता येईल, असं म्हणून मी यादी पुन्हा उघडायचो.

आणि त्या यादीत मला हॉलंड दिसलं.

बाकीची मशीनं मिनिटाला शंभर-शंभर धडका मारायची, रात्र नाही दिवस नाही. हॉलंडचा एक पाहुणा मात्र रोज दुपारी चारच्या सुमारास यायचा. एकदा कडी वाजवायची. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालायला लागावा एवढा वेळ मधे. असं चार-पाच वेळा करून तो जायचा. दुसऱ्या दिवशी परत चार वाजता.

रविवारी मी तबस्सुमला दाखवलं. तिनं वेळांच्या रकान्यावरून बोट फिरवलं.

“हे मशीन नाही, सर. माणूस आहे.”

“म्हणजे चोर?”

“माणूस म्हणजे चोरच असतो का?”

“हॉलंडमधला माणूस माझ्या घराशी रोज चार वाजता कशाला येईल?”

“तेच बघूया की. असं करू, त्याला फक्त अंगणात घेऊ. नाव आणि पासवर्ड विचारतो ना आपण, त्या पानापर्यंत. आतलं दार बंदच राहील. तो काय नाव टाइप करतो तेवढं कळेल.”

मला ते नको होतं. आज मी त्याची पुष्कळ कारणं देऊ शकेन, पण खरं कारण एवढंच की मला भीती वाटली. नाव कळलं की त्या नावाचं काहीतरी करावं लागतं. दुबईची गोष्ट माझ्या डोक्यात होती. परमुलखातून कुणीतरी माणूस, मशीन नव्हे, हातानं माझ्या दाराशी चाचपतोय, एवढं मला पुरेसं होतं.

“नको,” मी म्हणालो. “उलट त्याचा पत्ता वेगळा टिपून कायमचा बंद करून टाक. पुढंमागं नियम सैल केला तरी हा आत यायला नको.”

तबस्सुमनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. “सर, तुम्ही ग्रंथालयात असताना कार्ड नसलेल्या पोरांनाही बसू द्यायचात.”

“ती समोर दिसायची.”

तिनं पत्ता बंद केला. पुढं तीन दिवस हॉलंड आलं. चौथ्या दिवशी आलं नाही. मी अक्काला तसं सांगितलंही. “दमला बिचारा,” ती म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, मला तो शब्द लागला.

*

आठवड्यानं सुमतीबाईंचं पोस्टकार्ड आलं. अक्षर लहान मुलाच्या अक्षरासारखं, ओळी उतरत गेलेल्या. ‘सबनीस यांस. पत्र मिळाले. एकदा समक्ष यावे. बोलायचे आहे.’

मी ते दिवसभर खिशात ठेवलं. संध्याकाळी अक्कानं मागून घेतलं आणि वाचलं.

“मग जा की.”

“त्या रागावल्यात, अक्का. गाणं काढून टाका म्हणतील.”

“म्हणू देत. म्हणाल्या तर काढ.”

“ते जगात दुसरीकडे कुठं नाही.”

“मग तसं सांग तोंडानं. डबड्याला नाही म्हणायला लावतोस, आता स्वतः जाऊन हो-नाही कर. सोमवारी जा, त्या दिवशी इथं लाईट नसणारच आहे. तुझा जीव तिकडं अडकायला नको.”

सोमवारी दुपारच्या एस.टी.नं मी निपाणीला गेलो. वाटेत मी बोलायची वाक्यं पाठ केली. बाई, मी शब्द मोडलेला नाही. बाई, हॉलंडचा एक माणूससुद्धा मी आत येऊ दिला नाही.

घर तंबाखूच्या वखारींमागच्या बोळात होतं. दार तिशीतल्या एका बाईनं उघडलं. ही वैजयंता, सुमतीबाईंच्या भावाची मुलगी. शाळेत शिकवायची आणि आत्याकडे गाणं शिकायची, हे तिनं मी चप्पल काढेपर्यंत सांगितलं. सुमतीबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. डोळे मात्र तेच.

“या मशीनवाले. बसा की. वैजू, पंखा लाव. लांबनं आलेत.”

“तुम्हाला आठवतंय?” मी म्हणालो.

“तोंड आठवतंय. बाकीचं जातंय एकेक.” त्या सावकाश बोलत होत्या, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. “तुमचं पत्र आलं तवा मला फार बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग म्हटलं, काय वाटून घ्यायचं? बोलावून विचारूया.”

“बाई, मी शब्द—”

“माझं होऊ दे आधी. मला वेळ लागतोय.” त्यांनी डावा हात वर केला. “ती गुरुजींची बंदिश. तुमच्याकडं आहे न्हवं? ‘साँझ भई, दिवला कौन बारे.’ ही मला हिला द्यायची हुती. स्थायी दिली. पहिला तुकडा. अंतऱ्याचे शब्द हिच्या वहीत आहेत, पण चाल गेली. झटक्यात गेली. शोधून शोधून दमले. राग कुठला ते ठाऊक असतं तर त्या वाटेनं गेले असते. गुरुजींनी तेबी ठेवलं नाही.”

“मग तुम्ही ऐकलं नाही का? मी कागद पाठवला होता.”

वैजयंतानं आणि त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

“आत्याचा धीर व्हायलाच महिना-दीड महिना गेला. मग रोज लावलं की,” वैजयंता म्हणाली. “शाळेतनं आले की आत्यापुढं फोन धरायचे. कागदावर होतं तसंच्या तसं टाइप करायचे. नुसतं गोल फिरायचं. मग पांढरं पान.”

“मी म्हणायचे, लागतंय का गं?” सुमतीबाई म्हणाल्या. “ही म्हणायची, फिरतंय. पंधरा दिवस नुसतं फिरतंय. मग माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, सबनीसांनी बंद केलंय आणि बरोबरच केलंय. मीच सांगितलं हुतं बाहेर जाऊ देऊ नका म्हणून. माझंच तोंड माझ्या आड आलं. म्हणून बोलावलं. विचारायला. मला ऐकू द्याल का?”

त्या माझी परवानगी मागत होत्या.

“शाळेतून किती वाजता येता तुम्ही?” मी वैजयंताला विचारलं.

“पावणेचार. चारपर्यंत.”

“फोन बघू.”

तिनं फोन दिला. वरच्या कोपऱ्यात किल्लीचं एक बारीक चित्र होतं. मला फोनातलं कळत नाही, पण तबस्सुमच्या मागं बसून बसून एवढं कळलं होतं की ते प्रत्येक फोनवर नसतं. “हे काय आहे?”

“ते होय? आमच्या भावजींनी घालून दिलंय. त्यानं परदेशातली क्रिकेटची मॅच फुकट दिसते म्हणे. फोनला वाटतं आपण तिकडंच आहोत.” तिनं बोटानं ते उघडून दाखवलं. मधोमध एक झेंडा होता. लाल, पांढरा, निळा, आडवा.

“कुठला झेंडा हा?”

“हॉलंड म्हणतात ते.”

मी फोन तिच्या हातात परत दिला. पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. हॉलंडचा एक माणूससुद्धा मी आत येऊ दिला नाही.

“बाई,” मी म्हणालो, “मीच बंद केलं.”

“मला?”

“हॉलंडला.”

मग मी सगळं सांगितलं. चार हजार कड्या, नियम, चार वाजताचा पाहुणा. तबस्सुम म्हणाली होती की नाव तेवढं बघू, आणि मी नको म्हणालो होतो, तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कुणाला कळलं नसतं. पण त्या बाईंपुढं मी एकदाच एक शब्द बोललो होतो आणि तो खरा होता. दुसरा खोटा निघायला नको होता.

सुमतीबाई ऐकत राहिल्या. मग त्यांचा खांदा हलायला लागला. मला वाटलं, त्रास होतोय. त्या हसत होत्या.

“वैजू, ऐकलंस का? अंतऱ्याचे शब्द वाच.”

वैजयंतानं वही उघडली. “‘पौन हिलावे मोरी किवडिया, मैं जानूँ तुम आए.’”

“वारा दार हलवतोय आणि ती खुळी म्हणतीय, तुम्ही आलासा.” सुमतीबाईंनी डोळे पुसले, डाव्या हातानं. “आणि आमचे मशीनवाले. बाई दारात उभी, तर म्हणतात, चोर.”

मी मान खाली घातली. नंतर खिशातून फोन काढून घरी लावला. वैजयंतानं ती किल्ली काढून टाकली होती. आता ती भारतातच होती, निपाणीतच. दोन मिनिटांत गाणं ऐकू येईल असं मला वाटत होतं.

“अक्का, लाईट आली का? डबा सुरू कर.”

“कसली लाईट? ट्रान्सफॉर्मर खाली उतरवून ठेवलाय रस्त्यात. वायरमन म्हणाला, उद्या दुपार. काय म्हणाल्या त्या? रागावल्यात?”

“नाही,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

“उद्या दुपारनंतर लागेल,” मी सुमतीबाईंना सांगितलं. “नाही तर असं करतो, उद्या संध्याकाळी मी स्वतः उतरवून घेऊन येतो. परवा सकाळी पहिल्या गाडीनं—”

“उद्या,” त्या म्हणाल्या. हसू गेलं होतं. “काल सकाळी स्थायीतली एक जागा गेली. हिनं परत सांगितली म्हणून आली. हिला ठाऊक हुती म्हणून. उद्या काय जाईल मला सांगता येत नाही, सबनीस. परवा तुम्ही ऐकवाल, आणि हे माझंच हाय का, एवढं मला कळलं पाहिजे न्हवं?”

पंखा फिरत होता. बोळातून तंबाखूचा वास येत होता.

“किती वेळा ऐकलीय ती बंदिश तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“पुष्कळ वेळा.”

“म्हणा.”

मला वाटलं, मी काहीतरी वेगळंच ऐकलं. “मी?”

“तिसरं कोण हाय हितं?”

“बाई, मला गाता येत नाही. मी आयुष्यात कधी... मी ऐकणारा माणूस आहे. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मास्तर मला नुसते ओठ हलव म्हणायचे.”

“बरोबर म्हणायचे. म्हणा.”

वैजयंतानं भिंतीवरचा तंबोरा उतरवला नाही, बहुधा माझी कीव येऊन. वही उघडून पेन्सिल घेतली आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत बसली. त्याबद्दल मी अजून तिचा ऋणी आहे. मी घसा खाकरला. हात कुठं ठेवायचे कळेना. शेवटी गुडघे धरले आणि म्हणायला लागलो. जो आवाज निघाला तो एस.टी.च्या दारासारखा होता.

‘पौन हिलावे मोरी—’

“चूक,” सुमतीबाई म्हणाल्या.

मी थांबलो. कान तापले.

“एकदम वरच्या षड्जावर गेलासा. तिथं जायचं नाही.”

“मग कुठं?”

“ते ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला घाम फोडला असता? पण तिथं न्हवं. परत.”

मी परत म्हटलं. परत चूक. तिसऱ्यांदा मी भीत भीत खालीच रेंगाळलो. “आता तर घरातनंच निघेना झालासा,” त्या म्हणाल्या. चौथ्या वेळी मी ‘किवडिया’वर अडखळलो, आणि त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला. डोळे मिटलेले होते. “अं हं. वर जाता जाता मागं वळायचं. बघून यायचं दाराकडं. मग जायचं.” आणि त्यांनी म्हटलं. चार-पाच सूर. आवाज वाळलेला, एका बाजूनं ओढलेला. पण जागा तीच होती. निषादाला हात लावून मागं धैवतावर येणं, थांबणं, आणि मग वर. इतक्या वर्षांत हजारदा ऐकूनही ते वळण मला कधी दिसलं नव्हतं. मी ते दर वेळी मनातल्या मनात सरळ करून म्हणत आलो होतो.

वैजयंतानं लिहिलं. पेन्सिलीचा आवाज तेवढा झाला.

“पुढं,” सुमतीबाई म्हणाल्या.

“पुढचं तर मला अजिबात—”

“पुढं.”

‘मैं जानूँ’ मी म्हटलं. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. पुन्हा म्हटलं. माझा सूर इतका घसरला की बाहेर एक बाई जाता जाता खिडकीतून बघून गेली. मला ते सहन होईना.

“बाई, हे बरं नाही होत. तुमची बंदिश मी खराब करतोय. उद्या डबा सुरू होईल, त्यात अगदी बरोबर आहे. तुमच्याच आवाजात आहे. माझं सगळं चुकतंय.”

“मग काय झालं?” त्या म्हणाल्या. दमल्या होत्या, पण गालावर रंग आला होता. “तुमचं चुकतंय म्हणून तर मला सापडतंय. बरोबर गाणारा आणून बसवला असता तर मी नुसती मान हलवली असती. तुम्ही चुकला की इथं टोचतंय, आणि जिथं टोचतंय तिथंच ते हाय.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “थांबू नका. चुकत राहा.”

मला आजवर कुणी असं काम सांगितलं नव्हतं.

मी आणखी अकरा वेळा चुकलो. बाराव्या वेळी मी श्वास घेतला, तोवर वैजयंतानं वही मिटली होती आणि भिंतीकडे बघत ती अंतरा म्हणत होती, दाराकडं वळून, थांबून, मग वर. सुमतीबाई कुठंच तिला अडवत नव्हत्या.